मंगळाला आधी कळलं : गॅमा स्फोटांचा पत्ता शोधणारी दूरदूरची यानं

दुर्बीणवाला

१५ एप्रिल २०२०. लॉकडाऊन चालू होता. भारतीय वेळेनुसार दुपारचे दोन वाजून बारा मिनिटं होत आली असताना, मंगळाभोवती फिरणाऱ्या 'मार्स ओडिसी' यानावरच्या हेंड या रशियन उपकरणाची मोजणी एकदम उसळली आणि लगेच खाली आली. ६.६ मिनिटांनी तसाच झटका 'विंड' यानावरच्या कोनुस उपकरणाला बसला. विंड पृथ्वीपासून सूर्याच्या बाजूला साधारण १५ लाख किलोमीटरवर असतं. आणखी ४.५ सेकंदांनी पृथ्वीजवळच्या फर्मी, इंटिग्रल या उपग्रहांनी आणि अवकाशस्थानकावरच्या अ‍ॅसिमनं तोच झटका नोंदवला. मूळ झटका होता गॅमा किरणांचा, फक्त १४० मिलिसेकंदांचा.

सगळ्यांच्या वेळा शेजारीशेजारी मांडल्यावर पत्ता निघाला : शिल्पकार तारकासमूहातली एनजीसी २५३ ही दीर्घिका, सुमारे १ कोटी १४ लाख प्रकाशवर्षांवरची. आकाशातला संशयित तुकडा उरला २० चौरस कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). पौर्णिमेच्या चंद्राचं बिंब साधारण ७०० चौरस कलांचं असतं, त्यावरून अंदाज करा. एकट्या फर्मीचा अंदाज बहुतेक वेळा काही अंशांनी इकडेतिकडे असतो.

ही पद्धत बऱ्याच जणांना ठाऊक नसते, म्हणून धागा काढतोय. तिचं नाव इंटरप्लॅनेटरी नेटवर्क, म्हणजे आयपीएन. नाव भारदस्त असलं तरी 'आयपीएन' नावाचं यान कुठेही नाही. वेगवेगळ्या देशांनी वेगवेगळ्या कामांसाठी पाठवलेल्या यानांवर एखादं गॅमा मोजणारं उपकरण असतं. त्यांच्या नोंदी एकत्र करणारी मूठभर माणसं कॅलिफोर्नियात आणि सेंट पीटर्सबर्गमध्ये बसतात, एवढाच हा कारभार.

मुळात अडचण अशी की गॅमा किरण आरशानं वळत नाहीत आणि भिंगानं एकत्र येत नाहीत, ते सरळ आरपार जातात किंवा शोषले जातात. म्हणून साधा गॅमा शोधक म्हणजे एक स्फटिक. किरण आदळला की त्यात बारीकशी चमक होते, ती मोजायची. किती आले आणि कधी आले हे त्याला उत्तम कळतं, कुठून आले ते कळत नाही. त्यात हे स्फोट न सांगता येतात, आकाशात कुठेही होतात आणि काही सेकंदांत आटोपतात.

मग जे उत्तम कळतं त्याचाच वापर करायचा. मॉन्सून आधी तळकोकणात येतो, मग मुंबईत, मग वर सरकतो. कुठे कधी पाऊस सुरू झाला एवढ्या नोंदी असल्या तर ढग न बघताही ते कुठल्या बाजूनं आले ते सांगता येतं. गॅमा किरणांची लाट सूर्यमालेतून अशीच सरकत जाते, फक्त प्रकाशाच्या वेगानं. स्फोट इतका दूर असतो की ती लाट आपल्यापर्यंत येईतो जवळजवळ सपाट झालेली असते. दोन यानांमधलं अंतर माहीत आहे आणि लाट दोघांपर्यंत किती फरकानं पोचली तेही माहीत आहे, म्हटल्यावर यानांना जोडणाऱ्या रेषेशी लाटेनं केलेला कोन निघतो. त्या कोनावर आकाशात एक वर्तुळ येतं आणि वेळेच्या मोजणीत जेवढी चूक, तेवढी त्या वर्तुळाला जाडी. म्हणजे एक बारीक वलय. तिसरं यान असलं की दुसरं वलय मिळतं आणि दोन्ही जिथे छेदतात तिथे आपला स्फोट.

यानं जितकी दूर तितकं वलय बारीक. मला या पद्धतीतलं हेच आवडतं. उपकरण डबाभर आकाराचं आणि जुनाट असलं तरी चालतं, कारण अचूकपणा अंतरातून येतो.

आता इतिहास, कारण तोही कमी रंगतदार नाही. १९६३ मध्ये अंशतः अणुचाचणीबंदीचा करार झाला. रशिया अवकाशात गुपचूप चाचण्या करतोय का यावर डोळा ठेवायला अमेरिकेनं त्याच वर्षापासून व्हेला उपग्रह जोडीजोडीनं सोडायला सुरुवात केली. उंची पृथ्वीपासून लाखभर किलोमीटरहून जास्त. २ जुलै १९६७ ला त्यांनी एक झटका नोंदवला, पण त्याचा आकार अणुस्फोटासारखा नव्हता. पुढे व्हेलाच्या नव्या जोड्या वर गेल्या. त्यांची घड्याळं सेकंदाचा चौसष्टावा भाग मोजणारी होती. कक्षेच्या दोन टोकांना दोन उपग्रह असले तर लाटेला एकाकडून दुसऱ्याकडे जायला जास्तीत जास्त पाऊण सेकंद लागतो. तेवढ्याशा फरकावरून लॉस अलामॉसच्या क्लेबेसाडेल, स्ट्राँग आणि ऑल्सन यांनी दिशा काढल्या आणि १९७३ मध्ये १६ स्फोटांचा निबंध छापला. दिशा बऱ्याच ढोबळ होत्या, पण हे ना पृथ्वीवरून येतंय ना सूर्यावरून, एवढं नक्की झालं.

१९७६ मध्ये सूर्याकडे गेलेल्या हेलिओस-२ वर एक गॅमा शोधक बसवला गेला आणि जाळं पहिल्यांदा ग्रहांच्या अंतरांवर पसरलं. १९७८ मध्ये शुक्राकडे जाणारं पायोनियर व्हीनस आणि सोव्हिएत व्हेनेरा-११ व १२ त्यात आले. शीतयुद्ध ऐन भरात असताना अमेरिकन, जर्मन, फ्रेंच आणि सोव्हिएत यानं-उपकरणांच्या नोंदी एकाच कागदावर मांडल्या जात होत्या.

आणि मग ५ मार्च १९७९. शुक्रावर अवतरक सोडून पुढे निघालेल्या दोन्ही व्हेनेरांची मोजणी सेकंदाला शंभरच्या आसपास चालली होती, ती मिलिसेकंदाच्या अंशात दोन लाखांवर गेली. उपकरणं अक्षरशः गुदमरली. अकरा सेकंदांनी हेलिओस-२ ची तीच गत, मग शुक्राजवळचं पायोनियर, मग पृथ्वीजवळचे व्हेला, प्रोग्नोझ-७ आणि आइन्स्टाइन वेधशाळा, शेवटी आयसी-३ (ISEE-3) यान. झटक्यानंतर आठ सेकंदांच्या तालात हळूहळू विरत जाणारं शेपूटही दिसलं. इतकी यानं आणि इतका तीव्र चढ असल्यामुळे पत्ता फार नेमका लागला : मोठ्या मॅगेलन मेघातला (ही आपल्या आकाशगंगेची छोटी सोबतीण दीर्घिका) एन-४९, म्हणजे एका जुन्या ताऱ्याच्या स्फोटाचे अवशेष.

पत्ता एवढा नेमका होता की पचेना. अंतर दीड लाख प्रकाशवर्षांच्या वर असेल तर ऊर्जा बेसुमार निघते. म्हणून पुष्कळांनी म्हटलं की एन-४९ त्याच रेषेत आहे हा योगायोग, खरा स्फोट जवळचाच असणार. १९९२ मध्ये डंकन आणि थॉम्पसन यांनी मॅग्नेटारची कल्पना मांडली, म्हणजे अतिप्रचंड चुंबकक्षेत्र असलेला न्यूट्रॉन तारा (मेलेल्या मोठ्या ताऱ्याचा अतिघट्ट गाभा), तेव्हा कुठे त्या ऊर्जेचा हिशोब लागू लागला. २०२० चा झटकाही अशाच एका मॅग्नेटारचा मानला जातो, फक्त कितीतरी दूरच्या दीर्घिकेतला.

प्रश्न विचारा, जमेल तशी उत्तरं देतो.

रानजाई

वाचनखूण साठवली. एक बाळबोध प्रश्न. एकच मोठा, चांगला उपग्रह बनवून दिशा काढता येत नाही का? इतकी यानं गोळा करण्याचा खटाटोप कशाला?

दुर्बीणवाला

काढता येते, आणि आता बहुतेक वेळा तसंच होतं. स्विफ्ट उपग्रहावर (२००४ पासून) शोधकासमोर छिद्रांची जाळी असते. तिची सावली कशी पडली त्यावरून काही कलांपर्यंत दिशा मिळते, तीही लगेच. पण तिला एका वेळी आकाशाचा साधारण सहावा-सातवा भागच दिसतो. उरलेल्या आकाशात काही झालं तर? आयपीएनला जवळजवळ सगळं आकाश चोवीस तास दिसतं, कारण कोणतं ना कोणतं यान मोकळ्या जागेत असतंच. २०२० चा झटका दुर्मीळ होता. दुर्मीळ गोष्टींसाठी सगळीकडे बघत बसणारं कुणीतरी लागतं.

टवाळखोर

थोडक्यात, सोसायटीतले सगळे शेजारी गोळा करून "तुमच्याकडे कितीला आवाज आला हो?" विचारायचं. सेक्रेटरी कोण मग?

दुर्बीणवाला

बर्कलीचे केविन हर्ली. कित्येक दशकं हे काम त्यांनीच ओढलं. रशियन बाजूला कोनुसचे जनक येव्हगेनी माझेत्स, आणि आता त्यांच्याच सेंट पीटर्सबर्गच्या आयोफे संस्थेतले दिमित्री स्विन्किन. २०२० च्या झटक्यावरचा पत्ता काढणारा निबंधही स्विन्किन आणि मंडळींचाच.

आंबोळी

मॉन्सूनचं उदाहरण गोड आहे, पण आमच्याकडे मॉन्सून वेंगुर्ल्यात येऊन आठ-आठ दिवस बसून राहतो. तसं झालं तर तुमची दिशा चुकणार की! :)

दुर्बीणवाला

म्हणूनच गॅमा किरण वापरायचे, ते वाटेत कुठे थांबत नाहीत. हवामान खात्याचा हेवा वाटू नये असं हे एकमेव क्षेत्र असावं.

खडूफळा

गणिताचा मास्तर असल्यामुळे राहवत नाही. लेखात आकडेमोड टाळली आहे, ती इथे करतो. अकरावीच्या पोरांना जमेल.

सूत्र एका ओळीचं : कोनाची कोसाइन = वेळेतला फरक भागिले प्रकाशाला दोन यानांमधलं अंतर कापायला लागणारा वेळ.

एप्रिल २०२० च्या मध्याला मंगळ पृथ्वीपासून सुमारे २० कोटी किलोमीटर होता. प्रकाशाला त्यासाठी ६६७ सेकंद लागतात. झटक्यातला फरक ६.६ मिनिटं म्हणजे ३९६ सेकंद. ३९६ भागिले ६६७ = ०.५९. कोन आला साधारण ५४ अंश. म्हणजे आकाशात मंगळ जिथे होता तिथून ५४ अंशांवर काढलेल्या वर्तुळावर स्फोट कुठेतरी असणार.

आता पडताळा. तेव्हा पहाटे गुरू, शनी आणि मंगळ आग्नेयेला जवळजवळ दिसत होते हे लॉकडाऊनमध्ये गच्चीवर गेलेल्यांना आठवत असेल. मंगळ मकर तारकासमूहात होता. नकाशा उघडून तिथून एनजीसी २५३ पर्यंतचं अंतर मोजा, पन्नाशीच्या थोडं पुढेच येतं. दोन ढोबळ आकड्यांतून एवढं जुळतंय.

वलयाची जाडी : वेळेत ०.१ सेकंद चूक धरली तर ०.१ भागिले (६६७ × साइन ५४) = ०.०००१८५ रेडियन, म्हणजे एका कलेपेक्षाही कमी. व्हेलाच्या जोडीला हेच सूत्र लावा. पाऊण सेकंदाचं अंतर आणि चूक सेकंदाचा चौसष्टावा भाग धरली, तरी जाडी अंशापेक्षा जास्त येते. दुर्बीणवाले "अचूकपणा अंतरातून येतो" म्हणतात ते यासाठी.

निशाचर_नाशिक

मास्तर, जबरदस्त. पण विंडचं गणित जमेना. १५ लाख किलोमीटर म्हणजे ५ सेकंद. फरक ४.५ सेकंदांचा. कोसाइन ०.९, कोन २६ अंश. आणि त्या दिवशी सूर्यापासून एनजीसी २५३ तर ३५-३७ अंशांवर होती. चूक कुठे?

खडूफळा

१५ लाखाचा आकडा ढोबळ आहे, आणि विंड नेमकं सूर्य-पृथ्वी रेषेवर बसलेलं नसतं. एल-१ या बिंदूभोवती ते भल्यामोठ्या फेऱ्या घालतं, त्यामुळे अंतरही बदलतं आणि दिशाही. खरं गणित करताना त्या क्षणीचे तिन्ही निर्देशांक घेतात. माझं वरचं गणित मंगळासाठी बसलं, कारण तिथे अंतर अवाढव्य आहे, थोडी ढिलाई खपून जाते.

दुर्बीणवाला

यातच एक भर. अंतर कमी असलं तरी झटका तीव्र असेल तर वेळ मिलिसेकंदांपर्यंत जुळवता येते आणि नुकसान थोडं भरून निघतं. समजा पाच मिलिसेकंद चूक धरली, तर विंड आणि फर्मीचं वलयही पाच-सहा कलांच्या घरात येतं. मंगळाचं बारीक वलय आणि विंडचं जरा जाड वलय छेदलं की छोटा तुकडा उरतो. उलट एखादा स्फोट मिनिटभर हळूहळू चढत-उतरत असेल तर दोन यानांचे आलेख एकमेकांवर सरकवून कुठे सर्वात चांगले बसतात ते शोधावं लागतं. त्यात एक यान कमी ऊर्जेचे किरण मोजणारं आणि दुसरं जास्त ऊर्जेचे, म्हणजे आलेखांचे आकारच थोडे वेगळे. खरी मेहनत तिथे आहे.

माजघर

लेख आवडला. पण १९६७ ते १९७३ सहा वर्षं का लागली? मी वाचलं होतं की लष्करी गुपित म्हणून दाबून ठेवलं होतं.

दुर्बीणवाला

ही कथा फार लोकप्रिय आहे, पण तशी नाही. नोंदी कपाटात पडून होत्या हे खरं. त्या हातानं चाळायच्या होत्या, आणि १९६७ चा झटका क्लेबेसाडेल-ऑल्सन यांच्या नजरेस पडला तोच १९६९ मध्ये. जुन्या जोड्यांच्या घड्याळांवरून दिशा काढणं शक्य नव्हतं. सूर्याची एखादी ज्वाला असेल तर? ती शंका फिटल्याशिवाय छापण्यात अर्थ नव्हता. नव्या व्हेलांच्या नोंदी पुरेशा साठल्या, मग निबंध आला. गुपचूप दाबल्याची कथा सांगायला मजेशीर आहे, म्हणून टिकली.

गार्चिंगकर

म्युनिकजवळ राहतो, म्हणून थोडा आगाऊपणा. फर्मीवरचे स्फोट टिपणारे शोधक इथल्याच माक्स प्लांक संस्थेत तयार झाले. बारा स्फटिक बारा दिशांना तोंड करून बसवलेले आहेत, कुणाला किती किरण लागले यावरून दिशेचा अंदाज बांधतात.

मला विचारायचंय ते असं : तीन यानांची दोन वलयं दोन ठिकाणी छेदतील ना? मग खरा छेद कोणता?

दुर्बीणवाला

हा प्रश्न येणार हे माहीत होतं. बरोबर, दोन छेद मिळतात. तीन यानांमधून जाणारं प्रतल आरशासारखं धरलं तर एक छेद एका बाजूला, दुसरा बरोबर पलीकडे. आणि ग्रहांकडे जाणारी सगळी यानं आयनिकवृत्ताच्या, म्हणजे पृथ्वीच्या कक्षेच्या प्रतलाच्या, आसपासच असतात, त्यामुळे घोळ कायम उत्तर की दक्षिण असाच होतो.

सोडवायच्या वाटा बऱ्याच आहेत. सर्वात देखणी कोनुसची. त्याचे दोनच शोधक आहेत, एकाचं तोंड आयनिकवृत्ताच्या दक्षिण ध्रुवाकडे आणि दुसऱ्याचं उत्तर ध्रुवाकडे. ज्याला जास्त किरण लागले ती बाजू खरी. दुसरी वाट म्हणजे ग्रहाची आड. ओडिसी मंगळापासून जेमतेम ४०० किलोमीटरवर फिरतं, त्याचं पाव हिश्श्याहून जास्त आकाश मंगळानंच झाकलेलं असतं. त्याला झटका दिसला म्हणजे झाकलेली बाजू बाद. आणि तिसरी वाट युलिसीस. ते १९९० मध्ये निघालं, १९९२ मध्ये गुरूला वळसा घालून आयनिकवृत्ताच्या बाहेर पडलं आणि सूर्याच्या ध्रुवांवरून फिरू लागलं. ते असेपर्यंत हा घोळ बराच कमी होता. २००९ मध्ये ते बंद झालं. आयपीएनच्या लोकांनी त्यानंतर असं यान पुन्हा पाहिलेलं नाही.

रानजाई

यानांची घड्याळं इतकी बिनचूक कशी राहतात? माझा मोबाइल नेटवर्क नसलं की दोन दिवसांत पुढे-मागे होतो.

दुर्बीणवाला

राहत नाहीत. सरकतात, आणि ती चूक काढत राहावी लागते. युलिसीसच्या बाबतीत उपकरणाला ठरलेल्या क्षणी आज्ञा पाठवायचे आणि त्यानं ती कितीला घेतली म्हणून नोंदवलं ते बघायचे. दुसरी युक्ती म्हणजे ज्यांची जागा आधीच पक्की ठाऊक आहे असे स्रोत. एखाद्या ओळखीच्या मॅग्नेटारनं झटका दिला की आलेलं वलय त्याच्यावरून जातंय का ते बघायचं. नाही गेलं तर घड्याळ किंवा यानाची जागा, काहीतरी गंडलंय.

पैठणी_प्रेमी

एक कळत नाही. १९७९ पासून इतके नेमके पत्ते मिळत होते तर स्फोट दीर्घिकांमध्ये होतात हे कळायला १९९७ का उजाडावं लागलं?

दुर्बीणवाला

उत्तम प्रश्न. कारण पत्ता मिळायचा, पण शिळा. दूरच्या यानाचा डेटा पृथ्वीवर कधी उतरणार हे त्या यानाच्या वेळापत्रकावर. तो आला की आलेख जुळवायचे, घड्याळं तपासायची. सुरुवातीच्या काळात याला आठवडे-महिने जायचे. तोवर स्फोटानंतरची झळाळी विझून गेलेली असायची. दुर्बिणी त्या चौकटीत रोखल्या की तिथे ठळक असं काहीच नसायचं, ना मोठी दीर्घिका, ना विशेष तारा. रिकाम्या चौकटींची ही डोकेदुखी पंधरा-वीस वर्षं चालली.

मधे १९९१ ते २००० कॉम्प्टन या अवकाश-वेधशाळेवरच्या बॅट्से उपकरणानं २७०४ स्फोट नोंदवले, सगळ्या दिशांना सारखे पसरलेले. तरी वाद मिटला नाही. एप्रिल १९९५ मध्ये वॉशिंग्टनला बोहदान पाचिन्स्की आणि डोनाल्ड लॅम यांचा जाहीर वादविवाद झाला, स्फोट दीर्घिकांतून येतात की आपल्याच आकाशगंगेच्या परिघातून. शेवटी २८ फेब्रुवारी १९९७ ला इटालियन-डच बेप्पोसॅक्स उपग्रहानं काही तासांत जागा दिली, त्याच्या क्ष-किरण दुर्बिणीला विझत जाणारी झळाळी सापडली आणि ला पाल्मा बेटावरच्या दुर्बिणीला दृश्य प्रकाशातही. तिथेही युलिसीसच्या वलयानं बेप्पोसॅक्सचा गोल एका पट्टीपर्यंत बारीक केला होता, हे सहसा सांगितलं जात नाही. त्याच वर्षी मे महिन्यातल्या स्फोटाचं अंतर मोजलं गेलं आणि पाचिन्स्कींची बाजू खरी ठरली.

टवाळखोर

ठीक आहे, पत्ता मिळाला. पुढे काय? तिथे जाऊन पंचनामा करणार? एवढ्या पैशात आमच्या गल्लीतले खड्डे...

माजघर

आला का खड्डा! टवाळा, लेख नीट वाच. या उद्योगाला जवळजवळ वेगळा खर्चच नाही. यानं शुक्राला, मंगळाला, सूर्याला जायचीच होती. हेंड मंगळाच्या जमिनीतलं पाणी शोधायला पाठवलं होतं, ते त्यानं शोधलंही.

दुर्बीणवाला

माजघर, +१. आणि पंचनामे होतात हो. १ फेब्रुवारी २००७ चा एक छोटा स्फोट आयपीएनच्या चौकटीनुसार देवयानी दीर्घिकेच्या दिशेचा निघाला. दोन न्यूट्रॉन तारे तिथे धडकले असते तर लायगो या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेला त्या लहरी दिसायला हव्या होत्या. दिसल्या नाहीत, म्हणजे देवयानीत तशी धडक झालीच नव्हती. पत्ता नसता तर हे 'नाही' म्हणताच आलं नसतं. १७ ऑगस्ट २०१७ ला खरी धडक झाली तेव्हा लायगोनंतर १.७ सेकंदांनी फर्मीला झटका दिसला, इंटिग्रललाही. त्या दोघांच्या वेळांवरूनही एक वलय काढलं गेलं.

कोथरूडकर

यात भारत कुठे? आपल्या मंगळयानावर असं काही होतं का?

दुर्बीणवाला

मंगळयानावर पाच उपकरणं होती, त्यांत गॅमा शोधक नव्हता. असता तर ओडिसीच्या जोडीला मंगळाजवळ अजून एक नोंद मिळाली असती.

पण अ‍ॅस्ट्रोसॅट आहे, आपला वेधशाळा-उपग्रह, आणि तो तुमच्या अगदी जवळ. त्याच्यावरच्या सीझेडटीआय या उपकरणाचं संचालन केंद्र पुण्यात आयुका या खगोलसंस्थेत आहे. ६ ऑक्टोबर २०१५ ला उपकरण सुरू झालं आणि त्याच दिवशी त्यात एक गॅमा स्फोट सापडला. 

आयपीएनच्या दृष्टीनं रंजक प्रकरण जानेवारी २०१७ चं. ४ जानेवारीला लायगोला दोन कृष्णविवरांच्या धडकेच्या गुरुत्वीय लहरी मिळाल्या. शोधाशोधीत अ‍ॅटलास दुर्बिणीला त्याच भागात एक विझत जाणारा ठिपका दिसला. सगळ्यांचे कान टवकारले, कारण कृष्णविवरांच्या धडकेतून प्रकाश येणं म्हणजे मोठीच बातमी. आयआयटी मुंबईचे वरुण भालेराव आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की तो ठिपका दुसऱ्याच दिवशी, ५ जानेवारीला झालेल्या वेगळ्या गॅमा स्फोटाची झळाळी आहे. तो स्फोट सीझेडटीआयमध्ये नोंदवलेला होता आणि इतर यानांशी वेळा जुळवून काढलेली दिशाही त्या ठिपक्याशी जुळत होती. एकाच पट्ट्यात दोन वेगळ्या घटना, एवढंच.

अर्थात अ‍ॅस्ट्रोसॅट पृथ्वीपासून ६५० किलोमीटरवरच आहे. त्याला आणि फर्मीला जोडून वलय काढायचं तर दोघांमधलं अंतर प्रकाशाला पन्नास मिलिसेकंदांचंही नाही. वलय चांगलंच जाड येणार. विंडसारखं दूरचं यान जोडीला हवंच.

गार्चिंगकर

दक्ष मोहिमेबद्दल वाचलं होतं. दोन उपग्रह असणार म्हणे. ते याच पद्धतीसाठी का?

दुर्बीणवाला

दक्ष अजून प्रस्तावच आहे, पुढाकार आयआयटी मुंबईचा आणि सोबत टीआयएफआर, आयुका वगैरे. दोन उपग्रह पृथ्वीच्या समोरासमोरच्या बाजूंना ठेवण्याचं मुख्य कारण वेगळं आहे. खालच्या कक्षेतल्या उपग्रहाचं साधारण तिसरा हिस्सा आकाश पृथ्वीच झाकते. दोन असले की एकाला न दिसलेलं दुसऱ्याला दिसतं. दिशा ते मुख्यतः आपल्या शोधकांच्या तोंडांवरूनच काढतील. वेळेचा फरक पन्नासेक मिलिसेकंदांपुरताच, त्याचा थोडा हातभार.

माजघर

मग पुढे जाळ्याचं काय? ओडिसी २००१ चं, विंड १९९४ चं. म्हातारी झाली की सगळी.

दुर्बीणवाला

हीच माझी खरी तक्रार आहे. पृथ्वीजवळ शोधकांची कमी नाही, आता तर हातात मावतील असे क्यूबसॅटही स्फोट टिपतात, २०२१ मध्ये सोडलेला जीआरबी-अल्फा हा तसाच एक. टंचाई आहे ती दूरच्या टोकाची. मेसेंजर २०१५ मध्ये बुधावर आदळून संपलं. इंटिग्रलचं वेधकार्य फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबलं. ओडिसीचं इंधन संपत आलंय. बुधाकडे निघालेल्या बेपीकोलंबोवर गॅमा मोजणारं उपकरण आहे आणि ते स्फोट नोंदवतं. सोलर ऑर्बिटरवरचं स्टिक्स सूर्यज्वालांसाठी आहे, त्यालाही तेजस्वी स्फोट दिसतात. पण सगळं 'जाता जाता' चाललेलं. गुरू-शनीकडे जाणाऱ्या प्रत्येक यानावर एक-दोन किलोचा शोधक आणि बरं घड्याळ बसवा असा नियम करायला काय हरकत आहे? मला विचाराल तर यासारखी स्वस्त वेधशाळा दुसरी नाही. पण प्रत्येक किलो वजनासाठी भांडणाऱ्या मोहिमेत पाहुण्याला जागा कोण देणार.

खडूफळा

एक सावधगिरीचा मुद्दा. शनीपर्यंत यान नेलं म्हणून अचूकपणा त्याच पटीत वाढेलच असं नाही. छोटा शोधक म्हणजे मोजणी कमी, मोजणी कमी म्हणजे झटका नेमका कधी सुरू झाला यातच गोंधळ. अंतर दहापट आणि वेळेतली चूकही दहापट झाली तर हाती भोपळा.

दुर्बीणवाला

मान्य. तेजस्वी आणि तीव्र स्फोटांनाच त्याचा फायदा. पण मॅग्नेटारचे झटके नेमके तसेच असतात.

निशाचर_नाशिक

आमच्या गटानं एनजीसी २५३ बघायचं ठरवलंय. नाशिकहून ती मध्यावर येते तेव्हा क्षितिजापासून ४५ अंश वर असेल, म्हणजे नोव्हेंबरच्या रात्री बऱ्यापैकी सोपी. एन-४९ चा हिशोबही केला, तो इथून जेमतेम चार अंशांवर येतो. आंबोळी, तुमच्याकडून किती वर येईल?

आंबोळी

वेंगुर्ल्याहून आठेक अंश येईल. पण दक्षिणेला शिरोड्याच्या बाजूला मासेमारी बोटींचे दिवे असतात, त्यात ठिपका काय दिसणार. मॅगेलन मेघ नुसत्या डोळ्यांनी दिसला तरी मी इथे फोटो टाकीन. डिसेंबरात, अमावस्येच्या आसपास.